नाळेवरचं शीड

[दृश्य: गेटवेसमोर नांगरलेल्या बोटी, कोवळं ऊन]

हिवाळ्यातली सकाळ. मुंबई बंदरात मतलई वारे अजून रेंगाळताहेत, जेमतेम पाच-सहा नॉटचे (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). जे/२४ जातीची एक शिडाची बोट निघायच्या तयारीत आहे. लांबी २४ फूट, वजन सुमारे १,४०० किलो. डेकवर पुढच्या शिडांच्या दोन पिशव्या आहेत. एकीत मोठं जेनोआ, दुसरीत लहान जिब. चढवायचं कोणतं?

डोलकाठीच्या बुंध्यापासून नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरच्या, तारेपर्यंतचं अंतर या बोटीवर २.९ मीटर आहे. शिडाची पुढची कड आणि मागचा कोपरा यांच्यातलं काटकोनातलं अंतर तेवढंच भरलं, तर ते शंभर टक्क्यांचं शीड. दीडपट भरलं, तर दीडशे टक्क्यांचं जेनोआ. ते डोलकाठी ओलांडून मागे जातं. इटलीतल्या जेनोआ शहराचं नाव त्याला १९२६ साली तिथल्या शर्यतीवरून पडलं. स्वेन सालेन या स्वीडिश दर्यावर्दीने तिथे असं शीड वापरलं होतं.

सकाळच्या या वाऱ्यात प्रश्नच नाही, जेनोआ चढवायचं. जड बोट हलवायला कापड हवंच.

[दृश्य: दुपार. पाण्यावर पांढरे फेस]

दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात आणि हिशेब पालटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो. मोठं शीड बोटीला कलवतं. कललेली बोट आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवू बघते, तिला सरळ ठेवायला सुकाणू आडवं धरावं लागतं आणि आडवं सुकाणू पाण्यात ब्रेकसारखं काम करतं. कापड जास्त, वेग मात्र कमी. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. आमचा आग्रह एवढाच, की त्याने ते पाण्यावर एकदा स्वतः करून बघावं.

त्यातही बोटीवर माणसं किती, हे फार महत्त्वाचं. शर्यतीत पाच जण वाऱ्याच्या बाजूच्या कडेला बसतात. त्यांच्या वजनावर वीस नॉटच्या आसपासपर्यंत जेनोआ पेलतं. त्याच बोटीवर दोघंच असतील, तर बारा-तेरा नॉटलाच जिब चढवलेलं बरं.

मोठं शीड नाळेवर गुंडाळून लहान करायची सोयही असते. पण अर्धं गुंडाळलं की शिडाचं पोट सुटतं, आकार बिघडतो. शिवाय शिडाच्या दोरीचा ब्लॉक, म्हणजे कप्पी, पुढे सरकवावा लागतो, आणि नेमकं तेच विसरतं.

मुंबई बंदरापुरतं आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला ते सगळ्यात मोठं वाटतं. जेनोआची खालची कड डेकला टेकलेली असते, त्यामुळे शिडापलीकडचं पाणी झाकलं जातं. इथे तर घारापुरीच्या लाँच, मांडव्याच्या फेरीबोटी, मासेमारीच्या होड्या सतत येत-जात असतात. म्हणून घरच्या दोघा-तिघांसाठी एकच पुढचं शीड शिवून घ्यायचं असेल, तर आम्ही शंभर ते एकशे दहा टक्क्यांचं, खालची कड जरा उचललेलं शीड सुचवू. सकाळी बोट थोडी मंद चालेल, चालू द्या.

[दृश्य: जेनोआ खाली येतं, जिब वर चढतं]

बोट सरळ उभी राहिली. सुकाणू आता दोन बोटांवर धरलं आहे. शिडाच्या खालून घारापुरीची एक लाँच येताना स्पष्ट दिसते आहे.