पावतीवरचे 25 किलो

सुरगाणा. नाशिक जिल्ह्याचं गुजरातला लागलेलं टोक. डोंगरउतारावर भात, नागली, वरई. पिकं निघाली की घरंच्या घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना आधार रेशनचा.

इथलाच धान्य घोटाळा 2015 मध्ये उघडकीस आला. विधिमंडळात गाजला, तहसीलदार निलंबित झाले. गरिबांच्या नावचं धान्य कागदोपत्री पोहोचलं होतं, जात होतं काळ्या बाजारात.

पुढे दुकानांत ई-पॉस मशीन आलं. अंगठा लावायचा, पावती घ्यायची. खोट्या नावांवर धान्य उचलणं त्याने अवघड झालं, हे खरं. पण काट्यावर काय चाललंय, ते अंगठ्याच्या मशीनला दिसत नाही.

जरा जवळून पाहू. रेशनच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबाला महिन्याला माणशी 5 किलो धान्य. घरात पाच माणसं, म्हणजे 25. अंगठा उमटला की मशीनमध्ये 25 ची नोंद होते. पिशवीत समजा 22 पडले. विचारलं तर ठरलेलं उत्तर: 'वरूनच कमी आलंय, मावशी.' पावती मागावी, तर 'कागद संपलाय'. मशीनला रेंज नसली तर 'उद्या या'. उद्या म्हणजे आणखी एक खाडा.

खरं तर 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने हे धान्य हक्काचं केलंय, कुणाची मेहेरबानी नाही. धान्य मिळालं नाही तर त्याबदल्यात भत्ता द्यावा, असंही कायद्यात आहे. असा भत्ता मिळालेलं कुणी ओळखीत आहे का, विचारून बघा! आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने सांगूनही विनाकारण दाद न देणाऱ्या सरकारी सेवकाला दंड? जास्तीत जास्त 5000 रुपये.

तक्रार करणारीचं मात्र बरंच जातं. तहसीलला जायचं तर मजुरी बुडते, गाडीभाडं लागतं. साहेब मीटिंगला गेलेले असले, तर परत हेलपाटा. आणि एवढं करून पुढच्या महिन्यात त्याच दुकानदारापुढे पिशवी धरायची. तीन किलोंसाठी कोण वैर घेणार? चोरी करणाऱ्याला हा हिशेब पक्का ठाऊक असतो.

वजनकाटा थेट मशीनला जोडता येतो. त्याला उत्तेजन देणारी नियमदुरुस्ती केंद्राने 2021 मध्ये केली. तुमच्या दुकानातला काटा जोडलेला आहे का? पुढच्या वेळी अंगठा लावण्याआधी एवढं विचारा, आणि पावती घेतल्याशिवाय पिशवी उचलू नका.