पऱ्हाटीतला डेटा आणि पीएचडीची पोरं

पीएचडीला लागलेल्या पोरीला आमच्याकडे लोक विचारतात, गाईड कोण, आरआरसी (विषयाला मंजुरी देणारी युनिव्हर्सिटीची समिती) झाली का, सबमिशन कधी. डेटा कुठं ठेवलाय हे कोणी विचारत नाही, घरचे तर नाहीच, पण खूपदा गाईडसुद्धा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे रिसर्च सेंटर, कॉलेजच्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर, आणि इथं लायब्ररीच्या मॅडम आणि स्टॅटिस्टिक्सचे एक सर मिळून नवीन विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी हेच विचारतात. लॅपटॉप उघडा, फाइल दाखवा.

स्क्रीनवर दिसतेय ती फाइल गुलाबी बोंडअळीची आहे. एका विद्यार्थिनीनं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरांमधे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले आणि रोज सकाळी जाऊन त्यात अडकलेले पतंग मोजले. आता हे नुसते थीसिसचे आकडे नाहीत बरं का, सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचं बघा असा सल्ला शेतकऱ्याला दिला जातो, म्हणजे इथं आकडा चुकला तर तिकडं कोणाची तरी फवारणी फुकट जाते नाहीतर बोंडं हातची जातात. तिनं सापळ्यांना नंबर दिले होते ३-५, म्हणजे तिसऱ्या वावरातला पाचवा सापळा, आणि एक्सेलनं त्याची करून टाकली ३ मे ही तारीख. असे सगळेच. वहीत बरोबर, फाइलमधे तारखा.

सर तिला रागावले नाहीत, त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं की हे मोठमोठ्या लॅबमधेपण होतं, याच एक्सेलच्या सवयीपायी २०२० मधे मानवी जनुकांपैकी काहींची नावंच बदलावी लागली कारण ती टाइप केली की तारखा व्हायच्या. मग बसून काम सुरू झालं. मूळ आकड्यांची फाइल वेगळी ठेवायची आणि तिला परत हात लावायचा नाही, साफसफाई दुसऱ्या कॉपीत करायची, प्रत्येक रकान्याचं नाव असं द्यायचं की दोन वर्षांनी दुसऱ्या माणसालाही कळलं पाहिजे, आणि सोबत एक साधी माहितीची फाइल, सापळा कोणत्या कंपनीचा, ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) किती दिवसांनी बदलला, पाऊस पडून सापळा वाहून गेला त्या दिवशी शून्य लिहिलं की रकाना रिकामा ठेवला. हा शून्य आणि रिकाम्याचा फरक समजावण्यात अर्धी दुपार गेली आणि मला वाटतं ती दुपार लाखमोलाची होती, कारण शून्य म्हणजे पतंग आलाच नाही आणि रिकामं म्हणजे आपण बघितलंच नाही.

ओपन सायन्स म्हणजे पेपर फुकटात वाचायला मिळणं, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ते आहेच, संशोधन सगळ्यांना फुकट वाचता यावं म्हणणारा बुडापेस्टचा जाहीरनामा २००२ चा, आणि तालुक्याच्या कॉलेजात महागड्या जर्नलच्या पेपरसमोर पैसे भरायची पाटी बघून लॅपटॉप बंद करणाऱ्या पोरांना त्याची किंमत कोणी सांगायची गरज नाही. पण वाचायला मिळणं हा अर्धाच भाग झाला. आपण जे केलं ते दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे, हा दुसरा अर्धा भाग, आणि तो शिकवायला कोणाला वेळ नसतो.

म्हणून इथं पेरणीच्या आधी एक काम असतं. मृग लागायच्या आत प्रत्येकानं लिहून काढायचं की मी काय शोधणार, किती वावरं घेणार, कोणती टेस्ट लावणार, आणि ते तारखेसकट ओएसएफ नावाच्या साइटवर नोंदवून टाकायचं. कशाला, तर हंगाम संपल्यावर हातात ढीगभर आकडे असतात आणि मोह होतो, हे बघू, ते बघू, काहीतरी सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग म्हणता येणार नाही असं, निघेलच. निघतंच ते. जिथं खरंच काही फरक नाही अशा वीस गोष्टी, प्रत्येकीत पाच टक्के चुकीची मुभा ठेवून, तपासल्या तर सरासरी एक तरी योगायोगानं खरी वाटते, आणि आपण तीच एक उचलून थीसिसमधे टाकतो. औषधांच्या चाचण्यांना भारतात २००९ पासून आधी नोंदणी सक्तीची आहे, मग जी शिफारस शेतकऱ्याच्या वावरात जाणार तिला का नको?

एका विद्यार्थ्यानं मधेच उठून विचारलं, मॅडम, डेटा माह्या हाय, उन्हातान्हात मी फिरलो, मंग लोकायले काहून देऊ? कोणी मोठ्या युनिव्हर्सिटीवाल्यानं उचलला तर?

ही भीती खरी आहे, गावाकडच्या पोरांची तर जास्तच, त्यांच्या पाठीशी कोण उभं राहणार. मॅडमनी उत्तर भाषणात न देता करून दाखवलं. झेनोडो ही डेटा ठेवायची साइट, युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनं २०१३ मधे सुरू केलेली, फुकट आहे, फाइल टाकली की डीओआय नंबर, म्हणजे फाइलची कायमची ओळख, मिळतो आणि तारीख लागते, आता हा डेटा कोणाचा याचा पुरावा जगासमोर आहे. पेपर येईपर्यंत फाइल बंद ठेवायचीही सोय आहे. शोधगंगा या देशभरच्या थीसिसच्या साइटवर थीसिस जातो खरा, पण पीडीएफमधे अडकलेल्या टेबलातून कोण आकडे काढणार?

पण सगळंच खुलं करायचं का? इथं वर्ग एकदम गप्प झाला, कारण त्यातली एक जण आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायांशी बोलते. नाव काढून टाकलं तरी गावाचं नाव, वय, किती एकर, कोणत्या वर्षी, एवढ्यावर शेजारचा माणूस लगेच सांगेल की ही अमक्याची बायको. तिच्या मुलाखती खुल्या होणार नाहीत, प्रश्नावली आणि पद्धत होईल. युनेस्कोची २०२१ ची शिफारसही हेच मानते की खुलेपणाला माणसाच्या खासगीपणाची मर्यादा आहे. २०१९ मधे आदिवासी समाजांच्या डेटाबद्दल केअर तत्त्वं मांडली गेली, डेटा कोणाचा, त्यावर ताबा कोणाचा, फायदा कोणाला. गडचिरोलीच्या मेंढा लेखा या गावातली माणसं कितीतरी आधीपासून अभ्यासगटात बसून चर्चा करतात आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीनं घेतात, कोलाम पोडावर (वस्तीवर) किंवा माडिया गावात जाणाऱ्या विद्यार्थ्यानं आधी हे शिकावं, एक्सेल नंतर.

जर्नलचं थोडक्यात सांगतो. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, दोन दिवसांत पेपर छापून देतो, पैसे पाठवा. थीसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढली तरी हे मेसेज येतातच, म्हणून डीओएजे या खुल्या जर्नलांच्या तपासलेल्या यादीत जर्नल शोधायचं कसं हे इथं प्रत्येकाकडून करून घेतात.

बोंडअळीवाली विद्यार्थिनी हंगाम संपल्यावर परत गावात गेली होती तेव्हा एक आजोबा म्हणाले, पोरी, तू वावरात येऊन पतंग मोजून गेली, मंग त्याचं झालं काय थे आमाले कोनं सांगतलंच नाही. तिनं मग एका पानावर मराठीत लिहिलं, तुमच्या शिवारात पतंग कधी वाढले, किती वाढले, आणि आता ते पान झेनोडोवर तिच्या डेटासोबतच आहे. गावच्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवरपण आहे.

यूजीसीनं २०१९ मधे कोर्सवर्कला रिसर्च आणि पब्लिकेशन एथिक्सचा ३० तासांचा पेपर सक्तीचा केला, त्यात ओपन ॲक्सेस पब्लिशिंगला ४ तास आहेत. मॅडम आणि सरांचं म्हणणं एवढंच आहे की याला जोडून स्वतःच्या डेटावर हात चालवायचे तास द्या, आणि आरआरसीच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा, डेटा कुठं ठेवणार, कोणाला दाखवणार, ज्यांच्याकडून घेतला त्यांना काय परत देणार. तसा फॉर्म त्यांनी आपल्या सेंटरपुरता छापून घेतलाय, यंदाच्या बॅचनं तो भरूनही दिलाय.