ई-सायकलच्या चेनची किरकिर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात मी नागपुरात रोज प्रतापनगरहून सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूला ई-सायकलने जायचे. रामझुला पुलाचा चढ लागला, की खालून किर्र किर्र सुरू व्हायचं. सायकल तर छान पळत होती, पायाला जोरही लागत नव्हता, म्हणून मी महिनाभर तिकडे लक्षच दिलं नाही. मग एके दिवशी भर चढावर चेन दातांवरून घसरली, पाय सटकला आणि गुडघा हँडलवर आपटला. आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या काकांनी चेन दोन बोटांत धरून हलवून पाहिली. म्हणाले, "ताई, साध्या सायकलचं पायाले समजते. इथं मोटर सांभाळून घेते, पायाले काहीच समजत नाही. कानानं ऐकत जा."

काकांचं म्हणणं अगदी खरं आहे. चेन कोरडी पडली की साधी सायकल जड लागते आणि आपण आपणहून तेलाची बाटली शोधतो. ई-सायकलमध्ये ते जडपण मोटर झाकून टाकते. मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यात असेल तर चेनवर फक्त आपल्या पायांचा जोर येतो. पण ती पॅडलपाशी असेल तर पायांचा आणि मोटरचा, दोन्ही जोर त्याच चेनमधून मागे जातात, आणि चेन लवकर झिजते. अशा सायकलवर गिअर बदलताना पॅडलवरचा जोर क्षणभर कमी करा. खाडकन आवाज होत असेल, तर तो तडाखा चेन सोसते आहे असं समजा.

आता चेनकडे जरा जवळून पाहू. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती फिरणारा रोलर असतो. तेलाची खरी गरज आहे ती या दोघांमधल्या फटीत. आपण मात्र वरून चोपडतो. आपल्या सिमेंट रस्त्यांच्या कडेची बारीक धूळ त्या तेलाला चिकटते आणि काळा लगदा होतो. तो हातावर घेऊन चोळून बघा, खरखरीत लागतो. तोच लगदा पिनींना घासत राहतो. चेन 'लांबली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं गेलेलं नसतं. शंभरेक पिना थोड्या थोड्या झिजलेल्या असतात.

हे घरी मोजता येतं. वरच्या बाजूची चेन ताणलेली ठेवा आणि सुताराचा टेप लावा. एका पिनीच्या मध्यापासून पुढे चोवीस पिना मोजा. नव्या चेनमध्ये हे अंतर बरोबर 12 इंच भरतं. टेपवरची एक बारीक रेघ, म्हणजे इंचाचा सोळावा भाग जास्त भरला, तर चेन बदलायची वेळ आली. आठवा भाग जास्त भरला, तर बहुधा फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे, दातही गेले असतील आणि खर्च दुप्पट होईल. माझ्या बाबतीत तेच झालं.

साफ करण्याआधी मोटर बंद करा आणि बॅटरी काढून ठेवा. चुकून थ्रॉटल दाबला गेला तर चाक फिरतं आणि बोट चेनमध्ये जातं. यात हयगय नको. जुन्या टूथब्रशला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावून कड्या घासा, कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पाण्याचा जोरदार फवारा हबवर किंवा वायरींच्या जोडांवर मारू नका.

मग तेल. पॅडल उलटं फिरवत चेनच्या आतल्या बाजूला प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडा. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुसणं बहुतेकांना पटत नाही, पण धूळ बाहेरच्याच तेलावर बसते. डिस्क ब्रेक असेल तर चकतीवर थेंबही उडू देऊ नका, ब्रेक लागणार नाही.

खोबरेल घरात हाताशी असतं, पण ते चेनला घालू नका. साधारण 24 अंशांखाली ते गोठतं, आणि डिसेंबरातल्या आपल्या सकाळी त्याच्या किती तरी खाली जातात. गॅरेजमधलं वापरलेलं काळं ऑइलही नको, त्यात धातूची भुकटी असते. सायकलच्या चेनचं तेल मिळतं, तेच घ्या. मे महिन्यातल्या धुळीत दीड-दोनशे किलोमीटरला एकदा द्या, आणि पावसात भिजून आलात तर त्याच संध्याकाळी. रात्रभरात गंज धरतो.

एवढं करूनही आवाज येत असेल, तर त्याची लय ऐका. पॅडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक् होत असेल, तर पॅडल किंवा क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्यापाशी, काही ढिलं असेल. सतत घासल्यासारखा आवाज असेल, तर गिअर नीट बसलेला नाही. आणि हबमध्ये मोटर असेल, तर चेन ताणण्यासाठी मागचं चाक स्वतः सोडू नका. आसाजवळून मोटरची वायर जाते, ती चेपते. ते काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या.

शेवटी मोटर बंद ठेवून, नुसत्या पायांनी गल्लीत एक चक्कर मारा. सकाळी सहाला, रस्त्यावर गाड्या नसताना. तेव्हा चेनचा आवाज स्वच्छ ऐकू येतो.

नमस्कार.