तीन कप्प्यांचे मैदान

एका जुन्या छायाचित्रात पायघोळ झगा घालून, दोन खेळाडूंच्या मधोमध उभ्या राहून बास्केटबॉलचा चेंडू वर उडवण्याच्या बेतात असलेल्या बाई दिसतात, त्या म्हणजे सेंडा बेरेन्सन. १८६८ साली लिथुआनियात जन्मलेल्या आणि लहानपणीच कुटुंबाबरोबर बोस्टनला आलेल्या सेंडा प्रकृतीने नाजूक होत्या. प्रकृती सुधारावी एवढ्याच हेतूने त्यांनी बोस्टनच्या व्यायामशिक्षण शाळेत नाव घातले आणि १८९२ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दम्प्टन येथील स्मिथ या मुलींच्या कॉलेजात त्या व्यायामशिक्षिका म्हणून रुजू झाल्या.

मुलांच्या बरोबरीने अभ्यास केल्यास मुलींची प्रजननशक्ती खालावते, असा सिद्धान्त बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये मांडला होता. आज हसू येईल अशा या मताचा त्या काळी मोठा दबदबा होता, त्यामुळे आपल्या विद्यार्थिनी धडधाकट आहेत हे दाखवून देणे मुलींच्या कॉलेजांना भागच होते. व्यायाम होत असे तो स्वीडिश पद्धतीच्या कवायतीचा: हुकूम सुटला की रांगेतले सगळे हात एकदम वर, पुढच्या हुकमाला एकदम खाली. त्यात मुलींचे मन रमेना.

तेवढ्यात जवळच्याच स्प्रिंगफील्डमधील बास्केटबॉल या नव्या खेळाविषयी सेंडा यांच्या वाचनात आले. तेथील वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून १० फुटांवर, पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या होत्या आणि १३ नियम लिहून काढले होते. टोपल्यांना बूड होते, त्यामुळे गोल झाला की चेंडू वर चढून काढावा लागे.

हा खेळ सेंडा यांनी स्मिथमध्ये आणला आणि २२ मार्च १८९३ रोजी प्रथम वर्ष विरुद्ध द्वितीय वर्ष असा सामना ठरला. पुरुषांना प्रवेश नव्हता. भोवतीच्या धावपट्टीवर आपापल्या वर्गाचे रंग मिरवणाऱ्या मुलींची दाटी होती. एका बाजूला द्वितीय आणि चौथे वर्ष, समोर तिसरे आणि प्रथम. पहिलाच चेंडू उडवताना सेंडा यांचा हात प्रथम वर्षाच्या मध्यरक्षक मुलीच्या उंचावलेल्या हातावर आदळला आणि तिचा खांदा निखळला. तिला आत नेऊन सांधा बसवण्यात आला, तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली आणि खेळ पुढे सुरू झाला. नाजूक म्हणून ज्यांना जपले जात होते, त्या या मुली! द्वितीय वर्षाने ५–४ असा विजय मिळवला.

मुलींच्या खेळासाठी सेंडा यांनी नियम बदलत नेले. मैदानाचे तीन कप्पे पाडले, आणि ज्या कप्प्यात उभे केले त्याची रेघ खेळाडूने ओलांडायची नाही असे ठरले. प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू हिसकावण्यास मनाई झाली, चेंडू तीन सेकंदांहून अधिक काळ धरता येईना, आणि तीनदाच आपटता येई. धक्काबुक्की दिसली असती तर विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले असते, हे सेंडा जाणून होत्या. म्हणून या नियमांना बायकी ठरवून मोडीत काढणे सोपे असले तरी अन्यायाचे आहे. त्या रेघांच्या आडोशानेच खेळ टिकला. १८९९ मध्ये नियम ठरवणाऱ्या समितीने हे नियम एकत्र केले आणि १९०१ मध्ये ते छापले गेले.

पश्चिम किनाऱ्यावर मुली आणखी पुढे गेल्या होत्या. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कली या विद्यापीठांचे संघ, प्रत्येकी नऊ जणी, केवळ स्त्रियांसमोर आमनेसामने आले आणि स्टॅनफर्डने २–१ असा सामना जिंकला. तीनच वर्षांनी स्टॅनफर्डने मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवर बंदी घातली, आणि कप्प्यांत विभागलेल्या मैदानाचा अंमल अमेरिकेच्या काही भागांत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत चालला.