औषधासाठी केलेली चोरी : मास्टर विनायकांचा 'छाया'

नमस्कार मंडळी! कोल्हापुरात खरी कॉर्नरच्या कॅमेरा मानस्तंभापाशी, म्हणजे इथल्या चित्रपट-स्मारकापाशी, उभा आहे. इथं आलं की मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचं नाव निघतं, 'प्रभात' फिल्म कंपनीचं निघतं. पण १९३३ साली 'प्रभात' पुण्याला गेली, त्यानंतर कोल्हापुरात जे घडलं त्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आज त्यातलाच एक चित्रपट घेऊया. 'छाया', १९३६.

मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी इथं 'हंस पिक्चर्स' ही चित्रपट कंपनी काढली, तिचा हा पहिला चित्रपट. कथा वि. स. खांडेकरांची. ते तेव्हा शिरोड्याला शाळेत मास्तर होते.

बँकेतला एक कारकून. बायको आजारी, औषधाला पैसे नाहीत. तो बँकेतले पैसे चोरतो, सापडतो, तुरुंगात जातो. एवढं करूनही बायको वाचत नाहीच. मागे राहतात मुलं. मुलगा प्रकाश कवी, त्याचा जीव छायावर जडलेला. पण आता तो चोराचा मुलगा!

जरा थांबा इथं. चोरी झाली कशापायी? प्रेमापायी. बापानं बायकोवर जीव लावला आणि त्याची किंमत पोराच्या प्रेमानं चुकवली. प्रेमाच्या आड येणारे श्रीमंत बाप आपण पडद्यावर ढिगानं पाहिलेत. इथं आड येतं ते औषधाचं बिल. खांडेकरांची ही पकड मला फार मोठी वाटते.

आणि कला, प्रकाशची बहीण. तिच्यावर पोटासाठी देह विकायची वेळ येते. कविता भावाच्या वाट्याला, भूक हिच्या. घरात स्वप्नं बघायची मुभा एकालाच, आणि तीही दुसऱ्याच्या जिवावर! प्रकाशच्या प्रेमकथेपेक्षा मला हे जास्त लागतं.

दिग्दर्शन विनायकांचं, प्रकाशही तेच. आपण त्यांना 'ब्रह्मचारी' चित्रपटासाठी ओळखतो, खांडेकरांना 'ययाति' कादंबरीसाठी. या दोन मोठ्या नावांच्या मध्ये 'छाया' राहून गेला. छाया झालेल्या लीला चिटणीस पुढं 'आवारा'त राज कपूरची आई झाल्या, लोकांना तीच आई आठवते.

पूर्वी थिएटरात चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका मिळायची. कोल्हापुरातल्या कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत 'छाया'ची असली तर रद्दीत घालू नका. फोटो काढून कमेंटमध्ये कळवा, मी स्वतः येऊन बघेन.