सोयाबीनच्या गाठीतला जिवाणू नेमकं खातो काय?

नमस्कार मंडळी! नागपूर-उमरेड रस्त्याच्या कडेचं हे वावर. सोयाबीन फुलावर आलंय. हे झाड मी खुरप्यानं मातीसकट काढलं, कारण ओढून उपटलं की अर्ध्या गाठी जमिनीतच तुटून राहतात.

(मुळं जवळून दाखवणे)

ही एक गाठ नखानं फोडतो. बघा, आतून गुलाबी-लाल आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातला. गाठ गुलाबी असली म्हणजे काम चालू आहे. आतून हिरवट किंवा तपकिरी निघाली तर तिचं काम आटोपलं.

आत ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू हवेतल्या नत्राचा अमोनिया करतो, हे तुम्हाला माहीत आहे. पण हे काम भयंकर खर्चिक आहे. नत्राच्या एका रेणूमागे किमान 16 एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) आणि 8 इलेक्ट्रॉन जातात. एवढी ताकद त्याला येते कुठून?

पानात साखर होते, ती मुळाशी उतरते आणि जिवाणू ती खातो, असं बहुतेकांना वाटतं. साखर गाठीपर्यंत येते हे खरं, पण झाड ती जिवाणूला देत नाही! गाठीतल्या झाडाच्या पेशी आधी साखर तोडून तिचं मॅलेट नावाचं छोटं आम्ल करतात, आणि जिवाणूभोवती झाडानंच विणलेल्या पडद्यातून ते मॅलेट आत सोडतात. जिवाणूच्या अंगावर डीसीटीए नावाचा वाहक असतो. तो मॅलेट, सक्सिनेट, फ्युमरेट अशी चार कार्बनची आम्लं आत ओढतो. शास्त्रज्ञांनी काही रायझोबियममध्ये, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूंमध्ये, हा वाहक बंद करून पाहिला. गाठी झाल्या, पण नत्र काही बांधला गेला नाही. उलट साखर पचवण्याची वाट बंद केलेले कितीतरी जिवाणू नत्र बांधत राहिले.

आत गेल्यावर मॅलेट दोन वाटांनी जातं. काही मॅलेटचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट होतं. काही मॅलिक एन्झाइममुळे पायरुव्हेट आणि पुढे अ‍ॅसिटिल-कोए होतं. ही दोन टोकं पुन्हा भेटतात तेव्हाच क्रेब्स चक्र, म्हणजे पेशीत ऊर्जा काढणारं चक्र, फिरतं. लसूणघासाच्या जिवाणूत मॅलिक एन्झाइम बंद केलं तर नत्र बांधणंच थांबतं, इतका तो एक टप्पा मोलाचा आहे.

मातीत मोकळा असताना हाच जिवाणू साखर खातो. तेव्हा तो बहुतेक वेळा एन्टनर-डाउडोरॉफ मार्गानं जातो, आपल्या पेशींच्या नेहमीच्या ग्लायकोलिसिसनं नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांचा. मटारच्या रायझोबियममध्ये आप आणि ब्रा असे अमिनो आम्लं आत घेणारे दोन वाहक आहेत. दोन्ही एकदम बंद केले, तर मुळांवर गाठी असूनही झाडं नत्रावाचून पिवळी पडली. हे काम 2003 मध्ये प्रसिद्ध झालं. कारण नीट कळलं ते 2009 मध्ये. गाठीत शिरल्यावर हा जिवाणू ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन स्वतः बनवणं जवळजवळ थांबवतो आणि त्यासाठी झाडाच्या तोंडाकडे बघतो. विचार करा, चहूकडे अमोनिया, तोही त्यानंच केलेला, आणि या तीन अमिनो आम्लांसाठी तो झाडावर अवलंबून! म्हणजे जिवाणू किती वाढेल, किती टिकेल, ही दोरी झाडाच्या हातात. मात्र हा निष्कर्ष मटारचा आहे, सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमला तो जसाच्या तसा लावू नका.

आपल्या वावरात याचा अर्थ काय? आपली काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते. चार दिवस पाणी तुंबलं की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. मग मॅलेट मिळूनही त्यातून एटीपी पुरेसा निघत नाही, आणि गाठी मंदावतात. म्हणून चर काढा, पाणी बाहेर जाऊ द्या. युरिया सढळ हातानं टाकाल तर झाडाला आयता नत्र मिळतो, आणि ते गाठींवरचा खर्च आखडतं.

बीजप्रक्रियेत बुरशीनाशक आधी, रायझोबियम शेवटी, आणि बियाणं सावलीतच सुकवा. रब्बीत हरभऱ्याला सोयाबीनचं उरलेलं पाकीट लावू नका. हरभऱ्याला मेसोरायझोबियम हा वेगळा जिवाणू लागतो, त्याचं वेगळं कल्चर मागून घ्या.