आनीक मातशें... पुरो : हेडचे बोल्ट आवळताना

(डिचोली तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान, बोलण्यातली पुनरावृत्ती गाळून.)

हा बोल्ट पुढच्या रांगेत देतो, हातात घेऊन बघा. जाडी दहा मिलिमीटर, लांबी साधारण तळहाताएवढी. चार सिलिंडरच्या गाडीत असे दहा बोल्ट मिळून इंजिनाचं डोकं धडाला धरून ठेवतात. डोकं म्हणजे सिलिंडर हेड, धड म्हणजे ब्लॉक आणि मध्ये पातळ हेड गास्केट. एका बाजूला पेटणारा गॅस, दुसरीकडे ऑइल, तिसरीकडे कूलंट, या तिघांनी एकमेकांच्या घरात शिरायचं नाही एवढंच त्या गास्केटचं काम. सत्तर मिलिमीटरच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलच्या भडक्याचा दाब साठ बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण साठपट गेला, तर हेडवर खालून सव्वादोन टनांहून थोडा जास्त धक्का बसतो. मिनिटाला हजारो वेळा.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मेस्तांकडे, म्हणजे मिस्त्रींकडे, टॉर्क रेंच, म्हणजे फिरवण्याचा जोर मोजणारा पाना, नव्हता. त्यांच्याकडे टी-हँडल होतं, हँडलवर चढवायला एक पाइप होता आणि दोन शब्द होते. मी पाना ओढायचो, ते बाजूला विडी ओढत उभे. ‘आनीक मातशें,’ म्हणायचे, म्हणजे अजून थोडं. मी ओढायचो. ‘आनीक मातशें.’ मग एकदम ‘पुरो!’ त्यांना ते कसं कळायचं, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. मेस्तांच्या गाड्या चालायच्या, हेही खरं.

आता मुद्द्यावर येतो. आपण म्हणतो बोल्ट आवळायचा. पण आवळणं हे काम नाही, काम आहे ताणणं. बोल्ट ही एक कडक स्प्रिंग आहे. तुमच्या हातातल्या बोल्टला साठ न्यूटन-मीटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दिला की तो साधारण पाव मिलिमीटर लांब होतो, म्हणजे एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढा, आणि तीनेक टनांच्या जोराने परत आखडायला बघतो. गास्केट दाबून धरणारा जोर तोच. गंमत अशी, की हा ताण मोजायचं साधन गॅरेजात कोणाकडेच नसतं. टॉर्क रेंच ताण मोजत नाही, फिरवायला किती कष्ट पडले ते मोजतो. त्या कष्टांपैकी निम्मे बोल्टच्या डोक्याखालच्या घासण्यात जातात, चाळीस टक्के आट्यांच्या घासण्यात. ताणाच्या वाट्याला येतात शंभरातले दहा.

आट्यांत गंज असेल तर रेंच ‘टक्’ करतो, आकडा बरोबर, ताण मात्र अर्धवट. उलट, जिथे कंपनीने कोरडा बोल्ट सांगितलाय तिथे तुम्ही तेल चोपडलंत आणि घर्षण निम्म्यावर आलं, तर तेवढ्याच टॉर्कला ताण पावणेदोनपटीहून जास्त होतो. बोल्ट खेचला जातो किंवा ब्लॉकचे आटे उपटून येतात. तेल लावा किंवा लावू नका हा मेस्तांच्या आवडीचा प्रश्न नाही. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते करायचं. लावायचं असेल तर आट्यांना आणि डोक्याखालीही, पण थेंबभर.

थेंबभर का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. गॅरेज काढून मला दोन वर्षं झाली होती, दिवस पावसाचे. ब्लॉक रॉकेलने धुतला, वरून पुसला, नवं गास्केट टाकून हेड चढवलं. एक बोल्ट जरा लवकर जड झाला. मला वाटलं, छान बसला. चौथ्या दिवशी गाडी बेळगावला निघाली आणि चोर्ल्याच्या घाटात वाफा सोडत उभी राहिली. उघडून बघतो तर त्या बोल्टच्या भोकाच्या तळाशी रॉकेल साचलेलं. भोक खालून बंद. रॉकेल दाबलं जात नाही, त्याला जायला वाट नाही. बोल्ट त्या रॉकेलवर टेकला होता, हेडवर नव्हताच! माझं नशीब, की फक्त गास्केट गेलं. अशा वेळी ब्लॉकलाच चीर जाते आणि मग गाडीच्या मालकाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तेव्हापासून माझ्याकडे हेड बसवायच्या आधीचा तास भोकांचा असतो. डोळ्यांना चष्मा लावून प्रत्येक भोकात हवा मारायची, बारीक स्क्रू ड्रायव्हरला मलमलीचं फडकं गुंडाळून तळ टिपायचा आणि फडकं बाहेर काढून बघायचं. ओलं आलं तर पुन्हा. आटे साफ करायला आटे पाडायचा कापणारा टॅप घालू नका, तो धातूच खातो. जुन्या बोल्टला हॅक्सॉने लांबीत दोन खाचा मारल्या की झाला ब्रश; कचरा त्या खाचांत गोळा होऊन बाहेर येतो. शेवटी बोल्ट दोन बोटांनी फिरवून तळापर्यंत गेला पाहिजे. आपल्याकडच्या हवेत, त्यातून किनाऱ्यावरच्या गाड्यांत, हे काम दुप्पट असतं. हेड सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी बघायचं, फेस मारून, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करून आणायचा की नाही ते त्यावर ठरतं. त्यावर आज जास्त बोलत नाही.

क्रम विचाराल तर वहीला चिकटकागद लावताना आपण हात मधून बाहेर फिरवतो, तसंच. मधले दोन बोल्ट आधी, मग या बाजूचा, त्या बाजूचा, कडेचे शेवटी. कडा आधी धरल्या की मध्ये फुगवटा अडकतो. सोडवताना नेमकं उलट, बाहेरून आत, आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम हेड सोडवलं तर ते वाकडं होतं. आणि एका फेरीत कोणाचंच पोट भरायचं नाही. आधी सगळ्यांना थोडं, मग सगळ्यांना अजून थोडं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत शेवटची फेरी आकड्याची नसते, कोनाची असते. समजा चाळीस न्यूटन-मीटर, मग नव्वद अंश, मग पुन्हा नव्वद. ही युक्ती मला फार आवडते. घर्षण कितीही असो, आट्यांची चाल ठरलेली; पाव फेरा म्हणजे पाव फेराच. ताण मोजता येत नाही म्हणून लांबीच मोजली! मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर व्हाइटनरचा ठिपका देतो, सगळे ठिपके एका दिशेला. फेरी संपली की दहाही ठिपके काटकोनात वळलेले दिसले पाहिजेत. राहिलेला एक लगेच डोळ्यांत भरतो. यातले बहुतेक बोल्ट इतके ताणले जातात की पुन्हा पूर्ण आखडत नाहीत, म्हणून ते एकदाच वापरायचे. गिऱ्हाईक म्हणतं, ‘जुने बरे दिसतायत की!’ दिसतात, खरं आहे.

एका शागिर्दाचा भाऊ कुवेतहून टॉर्क रेंच घेऊन आला. सुंदर वस्तू. त्यावर आकडे होते फूट-पाउंडाचे आणि मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटर. त्याने साठला साठ लावले, म्हणजे एक्क्याऐंशी झाले. दुसऱ्याच बोल्टला हाताला मऊपणा लागला, म्हणजे बोल्ट खेचला जायला लागला, म्हणून थांबला बिचारा. तो मऊपणा ज्याच्या हाताला कळतो तो पोर पुढे चांगला मेस्त होतो. आता तो झालाही आहे.

जाता जाता एक. आपण कुलपाच्या किल्लीला चावी म्हणतो तो शब्द पोर्तुगीज ‘शावे’वरून आलेला. त्यांच्याकडे पान्यालाही शावेच म्हणतात. टॉर्क रेंच म्हणजे ‘शावे दिनामोमेट्रिका’. पहिला शब्द आपण ठेवून घेतला, दुसरा तोंडात मावला नाही.

मघाशी कोणी विचारलं, हजार किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळायचे का? जुनी गास्केटं दबून बसायची, त्यांना ते लागायचं. हल्लीची पोलादी थरांची गास्केटं तशी दबून बसत नाहीत, तिथे कंपनीने सांगितल्याशिवाय पाना लावू नका. अॅल्युमिनियमचं हेड तापल्यावर बिडाच्या ब्लॉकच्या दुप्पट वाढतं. चारशे मिलिमीटर लांबीत, सत्तर अंश तापलं, तर दोघांत पाव मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. गास्केट रोज एवढं घासून घेतं आणि तरी टिकतं, ते त्या दहा स्प्रिंगांच्या जोरावर.

आता मेस्तांचं. ‘पुरो’ म्हणताना ते माझ्या हातांकडे बघतच नव्हते. एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, पान्याचा आवाज बदलतो. त्यांचे आटे आरशासारखे साफ असायचे, हे मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

हा टॉर्क रेंच फिरवतो, सगळ्यांनी बघा. याने बोल्ट सोडवायचा नाही, एकदा ‘टक्’ झालं की पुन्हा ओढायचं नाही. आणि परत देताना मूठ फिरवून पट्टीवरच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून द्या. आत त्याचीही एक स्प्रिंग आहे.